बाथरूममधला फालतू दगड

३ नोव्हेंबर, सकाळी ७
निर्णय पक्का. बाथरूम मिनिमलिस्ट करायचं. सतरा व्हिडिओ बघून झाले. नियम एकच: नको ते काढून टाका. आमच्याकडे सगळं नको तेच आहे. तीन बादल्या, फुटका टब, खिळ्यांना पिशव्या आणि मधोमध अब्बांनी नीरेच्या पात्रातून आणलेला काळा दगड. वर कडीला दोर. अम्मी दगडावर बसून वजू करते, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुते, आणि दोर धरून उठते. दिवसातून पाच वेळा. दिसायला भयंकर.

मेहनाजचा कापूरहोळहून परत फोन. अम्मीची आबाळ होते, मी घेऊन जाते म्हणाली. बहीण असली म्हणून काहीही बोलायचं? असं बाथरूम करतो की अम्मी इथून हलायची नाही. महेजबीनसुद्धा येईल. बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली, त्याला चौदा महिने झाले. घरात पसारा फार, ही तिची मुख्य तक्रार. बाकीच्या किरकोळ.

६ नोव्हेंबर
पासलीचा चिमाजी गवंडी आला. चकचकीत पांढऱ्या फरशा बघून म्हणाला, दादा, ह्यावर पाय ठरायचा न्हाई. दगड तरी ऱ्हाऊ द्या, म्हातारं माणूस हाय. त्याला मिनिमलिस्ट म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. त्याने चहा पिऊन दगड मागच्या अंगणात नेऊन टाकला. दोर मी स्वतः कापला.

अम्मी दारात उभी होती. कापलेल्या दोराकडे बघत होती. भारावली असणार.

१९ नोव्हेंबर
काम पूर्ण! एक नळ, एक शॉवर, एक हुक. बाकी भिंतीच भिंती. बघतच राहावं असं झालंय.

अम्मी अजून वापरत नाही. अंगणात त्याच दगडावर बसते, चिंचेची फांदी धरून उठते. नवीन वस्तू जपून वापरायची तिला सवयच आहे.

२७ नोव्हेंबर
थंडी लई. अम्मी तरी अंगणातच. खोकते.

शेजारची ठकुबाई भिंतीवरून म्हणाली, खालिद, घरात एवढा महाल बांधला आन् म्हातारी उघड्यावर व्हय? अख्ख्या आळीला ऐकू गेलं. डोकंच फिरलं.

संकल्प: अम्मीला सवय लावायची. मागच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. थोडं कडक व्हावं लागतं, तिच्याच भल्यासाठी.

२८ नोव्हेंबर
पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला अम्मी बाथरूममध्ये गेली. म्हणजे प्लॅन यशस्वी.

पडली. खुब्याचं हाड.

२९ नोव्हेंबर, दवाखाना
डॉक्टर म्हणाले, धरायला काही नव्हतं का? मी म्हटलं, वय झालंय. फरशी कोणती ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चप्पल घालून जायला हवं होतं तिने. कुणीही पडतं.

मेहनाज माझ्याशी बोलत नाही. कुलपाचं तिला कुणी सांगितलं कळत नाही. अम्मीने नाही सांगितलं. अम्मी म्हणते, माझाच पाय घसरला रे, तू जेवलास का?

हे ऐकवत नाही.

१४ डिसेंबर
अम्मीला दवाखान्यातून थेट कापूरहोळला नेलं. तात्पुरतं. पंधरा दिवसांत परत आणतो, फक्त फरशीवर एक मॅट टाकायची. पांढरीच.

दुपारी मेहनाजचा नवरा इस्माईल टेम्पो घेऊन आला. मला वाटलं कपडे न्यायला. कपडे राहू द्या म्हणाला, अम्मींनी दगड मागितलाय. त्याला एकट्याला उचलेना, मीच हात लावला. अब्बांनी एकट्याने कसा आणला असेल? टेम्पो चौकातून वळेपर्यंत दारात उभा होतो.

१७ डिसेंबर
अम्मीला फोन केला. परत कधी येतेस विचारलं. म्हणाली, हितं बरं हाय बाबा, मेहनाजनं दोर पण बांधलाय.

संध्याकाळी ५
अंगणात दगडाच्या जागी ओला खड्डा राहिलाय. तो न बघता आत आलो. घर एकदम नीटनेटकं आहे. पसारा करायला माणूसच नाही.

बाथरूम पुसून काढलं. फोटो छान आला, हुबेहूब व्हिडिओसारखा. महेजबीनला पाठवला. पंधरा महिन्यांत एकाही मेसेजला उत्तर नव्हतं, आज दोन मिनिटांत आलं.

छान झालंय. पण अम्मी वजूला बसतात कुठं?

तीनदा टाईप केलं. तीनदा पुसलं.