बाबांच्या स्कूटरचा प्लग

मंगळवार, संध्याकाळ

आज मी बाबांच्या स्कूटरचा प्लग काढून लपवला. परवा ते पळस्पे नाक्यावर तासभर स्कूटर धरून उभे होते. खांदा कॉलनीत घरी कसं यायचं, तेच आठवेना. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. पण ते तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना. म्हणून प्लग. चोरून करायला नको होतं का?

बाबा किक मारमारून दमले. मग बाजूचं झाकण उघडून बघितलं.

"प्लग तू काढलास?"

प्लग काढायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"अगं, मग भोकात चिंधी तरी कोंबायची. धूळ जाते आत."

स्वतःचा रुमाल तिथे कोंबून ते घरात निघून गेले.