लाल खण आणि मॅट्रिकचं गणित

बेंबळी, ता. ४ ऑक्टोबर १९४३

चि. शांतलिंग यास अक्काचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

इकडं सारी खुशाल. हैदराबादेत वेळेवर जेवतोस ना? मामंजींनी मला मॅट्रिकला बसायची परवानगी दिली, पण एकदाच. नापास झाले तर पुस्तकं बंद. बाकी गणित जमतंय, पण मांडण्या नि निवडी मोजायचा धडा उमगत न्हाय. इथले मास्तर म्हणतात, तो सोडूनच द्या. मला सोडायचा न्हाय. शिकवणारं कुणी नसताना आपलं आपण वाचता येईल असं पुस्तक बघ.

माया आहे तशी असू दे.
तुझी अक्का, महानंदा

हैदराबाद, ता. १९ ऑक्टोबर

सौ. अक्कास शांतलिंगचा सा. न. वि. वि.

दोन पुस्तकं पाठवतोय. इंग्रजी जाडजूड एक होतं, ते दुकानातच ठेवलं. वाचणाऱ्याला सगळं आधीच येतं असं धरून ते चालतं. उर्दूतल्यात सूत्रं नि सोडवलेली उदाहरणं भरपूर. मराठीतलं पातळ, त्यात प्रश्नच जास्त. परीक्षा उर्दूत आहे, तेव्हा उर्दूतलंच धर, सूत्रं पाठ कर. धाकटा भाऊ अक्कल शिकवतो म्हणून रागावू नकोस.

दाजींना नमस्कार. आठवण ठेव.
शांतलिंग

बेंबळी, ता. २८ नोव्हेंबर

चि. शांतलिंग यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं ऐकलं न्हाय. उर्दूतली उदाहरणं वाचताना सारं समजल्यासारखं वाटायचं. पुस्तक मिटून जाऊबाईंना, कमलबाईंना, सांगायला बसले तर तोंडच उघडेना. मराठीतलं मात्र आधी हातानं मांडायला लावतं. म्हणून आपल्या कापडाच्या दुकानातले चार खण घेतले, त्यात दोन लाल, बाकीचे दोन निराळ्या रंगांचे. लालांची अदलाबदल केली तरी रांग तीच दिसते, म्हणून निम्म्या मांडण्या गळतात, हे मी सांगायच्या आधी कमलबाईच बोलल्या. तिथंच ठरलं. समजून घ्यायचं मराठीतून, उर्दूतलं फक्त शब्दांपुरतं. मामंजी खण विस्कटले म्हणून कुरकुरले, पण घड्या त्यांनीच घातल्या.

फसले तर हसू नकोस.
अक्का

बेंबळी, ता. २० जून १९४४

चि. शांतलिंग यास अक्काचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

पास झाले. पेपरात विचारलं होतं, पाच मुली रांगेत बसवायच्या, पण भांडलेल्या दोघी शेजारी नकोत. असलं सूत्र कुठंच नव्हतं. मग त्या दोघींना मुद्दाम एकत्र बसवलं, तेवढ्या मांडण्या एकूणातून वजा केल्या. राहिल्या बहात्तर. उर्दूत सुबक लिहून आले.

मामंजी गल्ल्यावर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. घरी आल्यावर म्हणाले, “सूनबाई, एकदाच म्हणलो होतो, ते विसर. वरच्या वर्गाची पुस्तकं मागव.”

तेव्हा पुस्तकांच्या दुकानात जा. उदाहरणं किती आहेत ते बघू नकोस. एक पान वाच, मिट, आणि शेजारच्याला समजावून बघ. जमलं तरच घे. अन् दोन प्रती आण. एक कमलबाईंना हवीय.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी अक्का, महानंदा, मॅट्रिक पास