सरला ऊर्फ केतकी

४ नोव्हेंबर

नामंजूर! हृदयाची झडप बदलायची आहे माझी, आणि विमावाले विचारतात — ही बाई कोण? आधारवर केतकी, विमा कार्डावर सरला. शाळेपासूनचे कागद माहेरच्या नावाचे, कार्ड काढलं ह्यांच्या ऑफिसनं, लग्नातल्या नावानं. इतकी वर्षं दोघी एका घरात सुखानं नांदल्या, कधी भांडण नाही!

हॉस्पिटलच्या विमा खिडकीवरचे दिलीपबाबू भला माणूस. हळूच म्हणाले, "मासिमा, सरला आपका डाकनाम है ना?" बंगाल्यांत घरात हाक मारायचं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं. म्हटलं, नाही हो, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं ते. "चावल में?" ते बघतच राहिले.

एकच उपाय म्हणाले. कोर्टात प्रतिज्ञापत्र करा आणि कार्डावरही केतकीच लावून घ्या.

७ नोव्हेंबर

जिना चढताना दोनदा बसले. ह्यांना सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर

हे जन्मभर सरकारी विमा कंपनीत. निवृत्त झाले तरी अंगातलं ऑफिस गेलेलं नाही. आज जेवताना भाषण — देशाची आरोग्य विमा व्यवस्था मुळापासून बदलली पाहिजे! "विमा माणसाचा हवा, नावाचा नको. आणि ॲडमिट झाल्याशिवाय काही मिळणार नाही म्हणजे काय? तपासण्या, गोळ्या आधीच मिळाल्या असत्या तर तुझी झडप इथवर आली असती? आजार बळावल्याशिवाय आपला विमा जागाच होत नाही!"

खरंय की सगळं. पण घास हातात, आमटी गार. म्हटलं, दिल्लीत बदल होईल तेव्हा होईल, तोवर वरणावर लिंबू पिळा.

प्रतिज्ञापत्राला मात्र साफ नकार. "मी मीच आहे हे बायकांनी शपथेवर का सांगायचं? आज तू सांगितलंस की उद्या दुसरीलाही सांगावं लागणार." मंत्रालयाला पत्र लिहिताहेत. तिसरा मसुदा! रागावू तरी कशी, माझ्यासाठीच भांडताहेत.

१६ नोव्हेंबर

चहा गाळता गाळता दम लागला, ओट्याशीच खाली बसले. लेक नूपुर सेक्टर फाइव्हमधलं ऑफिस टाकून धावत आली आणि बाबांवर कडाडली, "तुमचा तत्त्व नंतर! आधी आई!"

"तत्त्व नपुंसकलिंगी, नूपुर," हे म्हणाले. पोर इथे बंगालातच वाढली, तिचं मराठी असंच. पण बोलताना ह्यांचा आवाज कापत होता. मग म्हणाले, "उद्याच सियालदह कोर्टात जाऊ."

१७ नोव्हेंबर

झालं. सही केली. यापुढे सगळीकडे केतकी.

टॅक्सीत हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जन्मात एकदा सुंदर अक्षर काढलं होतं. तेही आज खोडून आलो." वेडा माणूस! मी हात धरून बसले. पुढे ड्रायव्हर होता तरी.

२९ नोव्हेंबर

मंजुरी आली!! दिलीपबाबूंनी स्वतः फोन केला. उद्या भरती.

आई गेल्यापासून केतकी ह्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. सराव म्हणून ह्यांनी मारून पाहिली — "केतकी, ऐकलंस का?" दोघंही लाजलो. या वयात!

१४ डिसेंबर

घरी. गुळाचा संदेश खायला मिळाला, अर्धाच.

नूपुरनं आज सगळं सांगितलं. ऑपरेशननंतर मी डोळेच उघडेना. नर्स "केतकी! केतकी!" करून थकली, डॉक्टर धावत आले. शेवटी ह्यांना आत घेतलं. ह्यांनी कानाशी वाकून म्हटलं, "सरला, चहा गार होतोय."

"आणि आई, तू डोळे उघडली!"

हसून हसून टाके दुखले. हे तर खूश. पत्रात हेच घालणार! "यापेक्षा मोठा पुरावा कोणता? कागदावरच्या नावाला पेशंट ओच देत नाही!" चौथा मसुदा सुरू. लिहा म्हटलं, एकदा काय ते होऊन जाऊ दे.

१५ डिसेंबर

ह्यांना हे कधी सांगायचं नाही. केतकी म्हणून हाक आली ती मला नीट ऐकू आली होती. वाटलं, आई बोलावतेय. मी ओ दिली होती. निघालेही होते.