विशाखाच्या कामात निघालेली चूक

पुणे, ४ नोव्हेंबर २००१

विशाखाच्या आईला सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. काळजीत काय लिहावं ते सुचत नव्हतं.

लेकीची तब्येत बरी आहे. कॉम्प्युटरने सगळ्यात जवळचा रस्ता झटपट कसा शोधावा, याची नवी रीत तिने दोन वर्षं खपून बसवली होती. तीच कॉलेजात शिकवत असताना नूतन नावाची विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मॅडम, ही रीत दरवेळी बरोबर उत्तर देत नाही." पोरीचं म्हणणं खरं निघालं. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं. त्या दिवशी विशाखा जेवली नाही.

काल तीच नूतन घरी आली, तर विशाखाने तिला भजी तळून वाढली! ती गेल्यावर मी म्हटलं, "काऊन वो, जिनं काम मोडलं तिलेच भजे चारून राहिलीस?"

"बाबा, बांधीचा धुरा फुटून पाणी चाललं म्हणून सांगाले आलेल्यावर तुम्ही चिडता का?"

हसली. आता दोघी मिळून ती चूक दुरुस्त करणार आहेत म्हणे. पण रात्री विशाखाच्या ताटात अर्धी पोळी तशीच होती. नोकरीला धोका नाही असं सांगते. खरं असेल ना?

तुझा खोकला कसा आहे? आमगावला डॉक्टरकडे गेलीस का? विशाखाला पत्रात त्या चुकीबद्दल काही विचारू नको.

धान कापायला आलं असेल. मी येऊ, की ती पोटभर जेवायला लागेपर्यंत इथेच थांबू? मला एकट्याला ठरवता येत नाही. लवकर कळव.

तुझा
देवीदास