संकटाची बॅग, वजन एकोणतीस किलो

३ फेब्रुवारी, सकाळ
काल बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. खोटा निघाला. चौथ्या मजल्यावरून खाली मी सगळ्यांत आधी पोचलो. ही, लेक आणि सासूबाई मागून आल्या. सासूबाईंना दमा, त्यामुळे सात मिनिटं लागली. मी पुढे गेलो तो पाहणी करायला. कुणाला तरी पुढे जावंच लागतं. पण लेकीने सगळ्यांदेखत विचारलं, की बाबा, पाहणीला टीव्हीचा रिमोट कशाला?
सगळे हसले. ही हसली नाही. म्हणाली की वेळ आली तर तुमच्या भरवशावर राहायची सोय नाही. लागलं मनाला. एकवीस वर्षं स्टोअरकीपर आहे मी!
ठराव: पंधरा दिवसांत घरासाठी संकटकालीन बॅग. बहात्तर तास पुरेल अशी. मग बोलू म्हणावं.

५ फेब्रुवारी
यादी तयार. आयटम एकोणसत्तर. सासूबाईंनी विचारलं की बहात्तर तास म्हणजे किती. तीन दिवस, म्हटलं. मग तीन दिवस म्हणा की, म्हणाल्या. हिने तंबूवर बोट ठेवून विचारलं की हा लावणार कुठे, पार्किंगमध्ये? मी तंबूपुढे बरोबरची खूण केली. मोठ्या कामात दुर्लक्ष करता यावं लागतं.

११ फेब्रुवारी
बॅग भरली. दोरी तीस मीटर, शिट्ट्या चार, छोटी कुऱ्हाड, हँडल फिरवायचा रेडिओ, बिस्किटं वीस पुडे, पाणी, तंबू. सासूबाईंचा दम्याचा जादा पंपही टाकला. त्या म्हणाल्या की तो उशाशी बरा होता. पण स्टॉक एका जागी असलेला बरा.
वजन एकोणतीस किलो. उचलून पाहिली. कंबरेत चमक भरली. उद्यापासून व्यायाम.

१२ फेब्रुवारी
कंबर दुखते. व्यायाम नाही.

१४ फेब्रुवारी
स्टॉक तपासला. बिस्किटं: वहीत वीस, बॅगेत तेरा. लेक म्हणते की परीक्षा हेही संकटच. टॉर्च गायब. सासूबाईंनी पलंगाखाली गेलेला चष्मा शोधायला नेला होता, स्लिप न फाडता! आजपासून स्लिपशिवाय टाचणीसुद्धा मिळणार नाही. हिने कपाळावर हात मारून घेतला. शिस्त लावायची म्हटली की घरचेच आधी वैरी होतात.

१५ फेब्रुवारी
लेकीची स्लिप आली. ‘कारण’ या रकान्यात ‘भूक’. नामंजूर केली. स्लिप तशीच टेबलावर सोडून तिने पुडा फोडला.
नंबरलॉक बसवलं. नंबर लग्नाच्या तारखेचा. विसरायचा प्रश्नच नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सराव ठेवला. ठरल्याप्रमाणे शिट्टी वाजवली. समोरच्यांचा कुत्रा आला. बाकी कुणी नाही. ही म्हणाली की कुकर समजले. असो. कुत्रा वेळेत होता.

२४ फेब्रुवारी
दुपारी अलार्म. या वेळी खरा. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी गॅसवर पातेलं ठेवून झोपलं होतं. जिन्यात धूर. ही सासूबाईंना धरून निघाली, लेक पुढे. मी म्हटलं, व्हा तुम्ही, बॅग घेऊन आलोच. आज मी आधी पळणार नव्हतो.
बॅग हलेना. मग म्हटलं निदान पंप तरी काढू. लग्नाची तारीख लावली. उघडेना. महिना बदलला. उघडेना. सासूबाई धुरात, रोजचा पंप संपत आलेला, जादा पंप माझ्या कुलपात. भ्यालो होतो. खोटं कशाला लिहू? रडकुंडीला आलो.
तेवढ्यात ही नाकाला रुमाल लावून चार मजले परत चढून आली. माझं मनगट धरलं आणि ओढतच खाली नेलं.
खाली बाकावर सासूबाई पंप ओढत बसल्या होत्या. दुसरा पंप. हिच्या कापडी पिशवीतला. सहा वर्षं दारामागच्या खुंटीला आहे म्हणे ही पिशवी. मला वाटायचं भाजीची. आत गोळ्या, कागदपत्रं, टॉर्च. वजन फार तर दीड किलो. तळाशी हिच्या अक्षरातली यादी: आईचा पंप. गोळ्या. कागदपत्रं. टॉर्च. हे.
मला राहवेना. विचारलं की शेवटची ओळ अर्धवट आहे, हे म्हणजे काय? यादीत असलं मोघम चालत नाही. ही दुसरीकडे बघायला लागली. लेक हसून वाकली. सासूबाईंनी पंप बाजूला केला आणि म्हणाल्या की जावईबापू, हे म्हणजे तुम्ही.
पाचवा नंबर. टॉर्चच्या खाली. वाईट वाटलं. मग लक्षात आलं की वरचे चार आयटम हातात असताना ही पाचव्यासाठी धुरातून वर आली होती. नाक शिंकरलं.
वर जाताना पिशवी मी घेतो म्हणालो. ही नको म्हणाली.