कालची यादी

१० जून २००२
उचगावच्या दूध केंद्रातलं मशीन आज परत अडकलं. फोनची लाइन बंद. सुरू होताना ते आमच्या शाहूपुरीच्या ऑफिसातून औषध चालू असलेल्या जनावरांची यादी मागतं. मिळाली नाही तर मागतच बसतं. तसा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. यादीशिवाय दूध घ्यायचं नाही. टेम्पो सातला उचगावचं दूध न घेताच निघून गेला.
दुपारी केंद्र चालवणाऱ्या आक्काताई नासलेल्या दुधाचा कॅन घेऊनच आल्या. "अण्णा, वास घ्या की. तुमच्या मशीनचा हाय."

११ जून
साहेब म्हणाले, आठवड्यात जमलं नाही तर उचगाव केंद्र बंद.
वाट बघणं काढून टाकावं, तर सुई टोचलेल्या जनावराचं दूध पोराबाळांच्या पोटात.

१३ जून
नळाला पाणी नाही. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून चहा नाही. गारगोटीच्या शाळेत होतो तेव्हापासूनचा नेम. नुसताच बसलो.
सौ. म्हणाली, "इष्टलिंग गळ्यात हाय न्हवं? मग नळासाठी काय अडलंय? भस्म लावा आन् बसा."
बसलो. मन पूजेत नव्हतं. मशीनच्या गळ्यात काय बांधता येईल...

१४ जून
बदललं. अर्धं मिनिट वाट बघायची. लाइन नाही लागली तर आदल्या दिवशी उतरवून ठेवलेली यादी घ्यायची. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'यादी कालची', आणि प्रश्न: यानंतर कुणाकडे जनावरांचे डॉक्टर आले होते का?
उचगावला जाऊन दाखवलं. आक्काताई हसल्या. "एवढंच व्हय? डॉक्टरची फटफटी कुणाच्या दारात हुती ते समद्या गावाला ठावं असतंय की."
तुमच्याच दारात असली तर, असं ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

१७ जून
सकाळी लाइन गेली, तरी उचगावचं दूध वेळेत आलं. टेम्पोवाला म्हणाला, "आक्कानं बटन दाबलं, चाललं की."
मग ऑफिसात आजची यादी उघडली. उचगावचं एकच नवं नाव. आक्काताईंची म्हैस, काल संध्याकाळी सुई.
उचगावचे कॅन बाजूला काढायला लावले. फोन लागत नाही. त्यांनी आपलं दूध घरीच ठेवलं असेल. असेलच.
सायकल काढतोय. कुणाचं दूध घेतलं ते तिथलं मशीन दाखवेल. पण आधी त्यांनाच विचारायचं. कसं, ते वाटेत बघू.