जवळचे चार शब्द

८ जुलै, मंगळवार

रुपी परत रडली! मोबाईलवरची मॅडम म्हणे, "सगळं जवळ सारखं नसते, रुपा." स्पॅनिश म्हणून भाषा आहे. कोणाची, कुठची, देव जाणे. त्यांच्यात जवळ म्हणायले चार-चार शब्द! मी म्हटलं, आमाले एकच पुरला जन्मभर. अन् तोही फार लागला नाही.

पण पोरीचं खरं आहे. वीस तारखेले नागपूरले पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा. मागच्या वेळी याच शब्दांत आपटली. पास झाली तं नोकरी — तिकडच्या लोकांचे फोन घ्यायची. नापास झाली तं तिचा बाप, म्हणजे माहा कैलाश, आंधळगावच्या पोराले हो म्हणून मोकळा होईन. पोरगा वाईट नाही. पण पोरीले नाही पाहिजे तं नाही पाहिजे!

९ जुलै, बुधवार

चुलीपाशी गंज, गुंड अन् लोटा मांडून दिला. म्हटलं, घे, सरकव अन् शीक.

तिनं मलेच शिकवलं. सेर्का म्हणजे आसपास — लागलंच पाहिजे असं नाही. अल लादो म्हणजे बाजूले. हुंतो म्हणजे अगदी लागून, सोबत असल्यासारखं. एनफ्रेंते म्हणजे तोंडासमोर तोंड.

"मंग लोटा गुंडाच्या तोंडासमोर ठेव."

"आजी, गुंडाचं तोंड वरतं आहे!"

हसून हसून पोरगी लोळली. शिकणं राहिलं बाजूले. भांड्याचं काही खरं नाही. कुठंही ठेवा, रुसत नाहीत.

१० जुलै, गुरुवार

दिवसभर वीज नाही. मोबाईल मेला. रुपी पुटपुटत फिरते — सेर्का, लादो, सेर्का, लादो. भूत लागल्यावानी!

११ जुलै, शुक्रवार

परीक्षेत म्हणे आपल्या घराविषयी बोला लागते. बाजूले कोण, समोर कोण.

"आजी, समोर कोण राहते?"

"तुले माहीत नाही?"

"तू सांग न."

"एक बुढी राहते."

"नाव?"

नाव घेऊन माही जीभ कायले विटाळू? पण पोरीनं सोडलं नाही. घेतलं मंग. सत्यभामाबाई. झालं!

इथं लिहितो, इथं कोणी आयकत नाही. मी न सत्यभामी, आमचं लग्न एकाच साली झालं. दोघी या करडी गावात सुना होऊन आलो. पहिल्या रोवणीले, धानाची रोपं म्हणजे पऱ्हे लावाले, सासवांनी आमाले बांधीत, पाणी भरलेल्या वावरात उतरवलं, ओळीत बाजू-बाजूले. ती उजवीकडे, मी तिच्या डाव्या हाताले. तिथून तेच ठरलं. किती रोवण्या झाल्या! वाकून वाकून पाठ धनुष्य झाली, पण जागा बदलली नाही. चिखलात मांग-मांग सरकाचं, कोपराले कोपर लागाचं. माहा कैलाश पोटात होता तेव्हा मी मांग पडो. तं ही आपले पऱ्हे लावून माही जागाही भरे. बोले नाही. बोलली तं शिवीच दे! एकदा माह्या पाटीत भाकर नोती, तिनं आपली अर्धी फेकली माह्या अंगावर. "खा मेले, नाही तं पडशीन चिखलात, उचलाले मलेच लागन."

ओळीतली जागा म्हणजे जागा. ती सोडत नसतात.

तिनं सोडली. तिची सून रीता नवी होती, त्या वर्षी रोवणीले आली. अन् ही माही बाजू सोडून सुनेच्या बाजूले जाऊन वाकली. मले सांगतलं नाही, हाक नाही, काही नाही! साऱ्या बायांनी पाहिलं. मी त्या दिवसापासून बोलली नाही. तीही बोलली नाही. आता आपापल्या ओसरीवर आमी तांदूळ निवडतो. मधात गल्ली. ती ओसरीच्या एका टोकाले चिकटून बसते, डाव्या हाताची जागा रिकामी. तिथं कुत्रं झोपते. कुत्र्याले जागा आहे!

१३ जुलै, रविवार

रुपी म्हणे, "चाल बांधीत. माणसं पाहून समजन मले." माह्यानं आता वाकणं होत नाही. बांधीच्या कडेले धुऱ्यावर बसली. पाहतो तं पलीकडच्या धुऱ्यावर तीच! सुनेसाठी भाकर घेऊन आली होती म्हणे.

रुपी मधात, चिखलात उभी. बोडीच्या पाण्याकडे बोट — "सेर्का!" ओळीतल्या बायांकडे बोट — "अल लादो!" मंग आमा दोघींकडे दोन हात करून ओरडली — "एनफ्रेंते!"

बाया म्हणे, "काय व, पोरगी शिवी देते का?"

तेव्हा सत्यभामी बोलली. माह्याशी नाही. रुपीशी.

"रुपे, तुह्या आजीले सांग, सुनेले पऱ्हे लावता येत नोते. बाया हसल्या असत्या. मले वाटलं, हीही सरकन संग. ओळ सरकते. ही खांबावानी उभी राहिली!"

मी म्हटलं, "रुपे, तिले म्हण, हाक मारली असती तं दात पडले असते का?"

"सांग तिले, दात तेव्हाच पडले होते!"

साऱ्या बाया हसल्या. मी पदरात तोंड घातलं. हसली नाही. खोकला आला होता.

येताना रुपीनं विचारलं, "अन् आधी तुमी कशा होत्या, आजी? बाजूले? जवळ?"

मी म्हटलं, "हुंतो."

पोरगी चालता-चालता थांबली. मंग माहा हात धरला अन् चालाले लागली. शहाणी आहे.

१६ जुलै, बुधवार

रुपीच्या पायाले भिंगरी. गल्ली ओलांडून निरोप नेते अन् आणते. "सांग तिले, अंबाडी शिजवली आहे." "तिले म्हण, मीठ टाकलं का, का आधीसारखंच?" समोरून वाटी आली. मीठ नोतं. सारी खाल्ली.

२० जुलै, रविवार

नागपूरहून रुपीचा फोन. परीक्षेत तिनं आपली गल्ली सांगतली. आमा दोघींनाच उभं केलं म्हणे त्या साहेबासमोर! आधी हुंतो, आता एनफ्रेंते. साहेबानं विचारलं, काहून? तिनं त्याले रोवणी समजावली. स्पॅनिशमध्ये चिखलाले काय म्हणते, कोण जाणे.

२८ जुलै, सोमवार

पास! कैलाश आंधळगावले नाही म्हणून आला. तोंड पाडून, पण म्हणून आला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

रुपी पुण्याले गेली. रडली नाही मी. रडून काय, गाडी थांबते का? जाताना तिनं समोर जाऊनही पाय धरले. समोरची मात्र रडली. तिले पहिल्यापासून लवकर येते.

२ ऑगस्ट, शनिवार

अंबाडीत मीठ जास्त झालं. सांगाले कोणी नाही.

३ ऑगस्ट, रविवार

तांदूळ घेऊन बसली. समोर तीही. मंग तीच ओरडली, "ए खांबा! पोरगी तं गेली. आता कोणाच्या तोंडानं बोलशीन?"

सूप उचललं. गल्ली ओलांडली.

तिनं कुत्र्याले उठवलं.